वळू नका, सरळ उतरा

पौर्णिमाने वडिलांना एक खोटं सांगितलं होतं. दोन दिवसांपूर्वी, चहा पिता पिता.

"टेस्टच्या ब्रॅकेटले घासलेट लावून पाह्यलं का?" बापूरावांनी विचारलं होतं.

"हो बाबा, पाह्यलं."

पाहिलं नव्हतं. पॉलिटेक्निकच्या परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते, आणि बापूराव हाच प्रश्न चौथ्यांदा विचारत होते. बापूरावांनी चौतीस वर्षं आर्वीच्या एसटी डेपोत फिटरचं काम केलं होतं. धातूला तडा आहे का हे पाहायची त्यांची रीत साधी होती. वस्तूला घासलेट चोळायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वरून खडू फासायचा. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. पौर्णिमाचा विश्वास आकड्यांवर होता. त्या ब्रॅकेटवर तिनं विमानाच्या भरल्या वजनाच्या चौपट वाळूची पोती टांगली होती आणि त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. आता घासलेट कशाला?

विमान म्हणजे ट्राइक. खाली तीन चाकांचा सांगाडा, त्यात पुढे-मागे दोन सीट, पाठीमागे इंजिन आणि पंखा, आणि वर कापडाचा मोठा केशरी त्रिकोणी पंख. खालची सगळी गाडी त्या पंखाच्या मधल्या पाइपला एकाच ठिकाणी टांगलेली असते. चालवणारा समोरचा दांडा ओढतो-ढकलतो, त्यामुळे टांगलेलं वजन इकडचं तिकडे होतं आणि ट्राइक वळतं. पौर्णिमा आणि तिचा नवरा विवेक सहा वर्षं या एका यंत्रामागे लागले होते. विवेक दुसऱ्या राज्यात एका क्लबात ट्राइक उडवायला शिकवून परत आलेला; पौर्णिमा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवणारी. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या घरामागच्या शेडमध्ये त्यांनी जे ठरवलं ते असं होतं: सगळं विमान खोक्यांमध्ये मावलं पाहिजे, आणि तालुक्याच्या गावातल्या माणसानं नकाशा समोर ठेवून, साध्या पान्यांनी महिनाभरात ते उभं केलं पाहिजे.

मागची सीट तिनं बरोबर टांगणीच्या खाली आणली होती, म्हणजे एक माणूस बसो की दोन, तोल तोच राहावा. ही जागा साधायला तिला दीड वर्ष लागलं. पण त्यापायी गाडीला पंखाशी जोडणारा खांब तिरका करावा लागला, आणि तिरका खांब घडी करून खोक्यात बसेना. शेवटी तिनं खांबाच्या टोकाचं, गाडी पंखाला टांगणारं ब्रॅकेट अरुंद केलं. सहा मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी इंग्रजी यू सारखी वाकवायची होती. आधी कोपऱ्याची गोलाई अठरा मिलिमीटर होती, ती तिनं आठ केली. खांब घडीला बसला. त्या दिवशी तिनं शेजारीपाजारी पेढे वाटले.

एकाच पट्टीतून तीन ब्रॅकेटं वाकवून घेतली होती. एक वाळूच्या टेस्टला. एक विमानाला. तिसरं जादा म्हणून खोक्यात.

एप्रिलच्या त्या रविवारी विमान रोहणा गावात होतं. तिथले शेतकरी बंडूजी यांनी आपल्या पडीक तुकड्यावर धावपट्टी करू दिली होती. परवानगीचे कागद आले होते, विवेकनं एकट्यानं अकरा तास उडवून झालं होतं, दोन वेळा मागे वाळूचं पोतं बांधूनही. आज पहिल्यांदा मागच्या सीटवर माणूस बसणार होता, आणि ती जागा बापूरावांनी सहा वर्षांपूर्वीच मागून ठेवली होती. त्यांना वरून डेपो पाहायचा होता.

सकाळी साडेसहाला निघायचं ठरलं होतं. पेट्रोलची नळी पाझरत होती, ती बदलण्यात आठ वाजून गेले. बापूराव एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, खिशात बटणांचा फोन होता. इंजिनांच्या आवाजात कान गेलेले, म्हणून फोन कायम थरथरण्यावर ठेवलेला आणि छातीशी.

"ऊन चढून राह्यलं," पौर्णिमा विवेकला म्हणाली. "वारं उसळायच्या आत परत या."

"आर्वीवर दोन चकरा मारतो आणि येतो. बाबांना डेपो नीट दिसला पाहिजे ना. मस्त कलवून दाखवतो."

"तू माया जवायाले सांगू नोको," बापूराव हेल्मेटातून ओरडले. "त्याले समजते."

आठ वाजून चाळीस मिनिटांनी ते उडाले. बंडूजींनी टाळ्या वाजवल्या. ट्राइक सरळ रेषेत हळूहळू वर चढत गेलं, आणि आवाज बारीक झाला.

पौर्णिमाला काही करायला नव्हतं, म्हणून तिचे हात चुळबुळत होते. विमान आणलेल्या टेम्पोच्या फळीवर हत्यारांची पेटी होती, शेजारी टेस्टचं ब्रॅकेट पडलेलं. बापूरावांनीच आणून ठेवलं असणार. घासलेटची बाटली होती. खडू तिच्या पर्समध्ये नेहमीच असायचा. तिला मनातून लाज वाटली, आणि खोटं खरं करून टाकावं म्हणून तिनं ब्रॅकेट चोळलं. दहा मिनिटं कोण थांबणार. पाचच मिनिटांत तिनं ते पुसलं आणि खडू फासला.

कोपऱ्यावर, वाकवलेल्या बाजूला, ओली रेघ उमटली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तिनं अंगठ्यानं ती पुसली आणि पुन्हा खडू लावला. रेघ पुन्हा आली.

"काय झालं मॅडम?" बंडूजींनी विचारलं.

चौपट वजन लटकवलं होतं, म्हणजे टेस्टमध्येच तडा पडला असेल. विमानावर तेवढं वजन कधी आलंच नाही. असं स्वतःला समजावत तिनं खोक्यातून तिसरं ब्रॅकेट काढलं. त्यावर वजन तर सोडाच, साधा बोल्टही कधी बसला नव्हता. घासलेट. फडकं. खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं कोपरा घासला आणि वाट पाहिली.

रेघ आली. बारीक, पण तिथेच.

म्हणजे तडे वजनानं पडले नव्हते. वाकवतानाच पडले होते. आठ मिलिमीटरच्या कोपऱ्यात बाहेरचा धातू ताणून फाटला होता. विमानावरचंही त्याच पट्टीचं, त्याच दिवशी वाकवलेलं, आणि ते अकरा तास उडून आता दोन माणसांना घेऊन हवेत होतं. उसळत्या हवेचा एकेक हिसका तो तडा थोडाथोडा पुढे नेत असणार. कलवून वळलं की वजन वाढतं. ट्राइक नीट आडवं कलवलं तर दुप्पट होतं. आर्वीवर विवेक सासऱ्यांसाठी नीट आडवंच कलवणार होता.

ब्रॅकेटच्या जोडीला एक जादा दोरी बांधलेली होती. ब्रॅकेट तुटलं तर गाडी त्या दोरीवर लटकली असती. पण ती वीतभर ढिली होती आणि मागे पंखा फिरत होता. पंख कलंडला असता आणि पंख्यानं पंखाच्या तारा कापल्या असत्या. हेही तिनंच काढलेलं चित्र होतं, तिला ते डोळे मिटूनही दिसत होतं.

तिनं वॉकीटॉकी उचलला. "विवेक, विवेक." नुसती खरखर. त्याची झेप तीन-चार किलोमीटर, आणि ते केव्हाच पुढे गेले होते. विवेकचा फोन उडताना बंद असायचा, ती शिस्त तिनंच लावली होती. घड्याळात आठ छप्पन्न झाले होते. समोरून वारा होता. आर्वी गाठायला त्यांना अजून सहा-सात मिनिटं लागणार होती.

बापूरावांचा फोन.

तिनं लावला. रिंग गेली. गेली, गेली, आणि थांबली. पुन्हा लावला. तिला पांढरा शर्ट दिसत होता, त्यावरून पट्टा, आणि पट्ट्याखाली थरथरणारा तो छोटा फोन. इंजिनच सगळं अंग थरथरवत असताना ही थरथर कळणार कशी? तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

मग तिनं मेसेज लिहायला घेतला, आणि शब्द सुचेनात. जास्त लिहिलं तर वाचणार नाहीत. कमी लिहिलं तर घाबरतील. तिनं दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं: ब्रॅकेटला तडा. वळू नका. सरळ समोर शेतात उतरा.

पाठवला, आणि पुन्हा फोन लावत राहिली. पाच. सहा. सात. प्रत्येक वेळी तीच रिंग, आणि शेवटी तीच बाई सांगायची की आपण ज्यांना फोन करत आहात ते उत्तर देत नाहीत. पौर्णिमा फळीला टेकून खाली बसली. बंडूजी समोर उभे होते, त्यांना अर्धंमुर्धं कळलं होतं.

आठव्या वेळी दोन रिंगनंतर फोन कट झाला.

आपोआप नव्हे. तिकडून कुणीतरी बटण दाबलं होतं.

"बंडूजी, गाडी काढा!"

बंडूजींच्या मोटरसायकलवर ती मागे बसली. आर्वीच्या रस्त्याला लागल्यावर बंडूजी म्हणाले, "कुठं पाहाचं?"

"वर पाहा. नाही, तुम्ही रस्ता पाहा. मी वर पाहते."

आकाश पांढरं झालं होतं. तिनं डोळ्यांवर हात धरला. आधी दिसली ती घार निघाली. मग खूप दूर, झाडांच्या ओळीच्या वर, केशरी ठिपका दिसला. तो कलत नव्हता. सरळ होता आणि खाली येत होता, आणि बंडूजींनी गाडी हळू केली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इंजिनचा आवाज येत नाही.

"उतरून राह्यले," ती म्हणाली. "बंडूजी, ते उतरून राह्यले."

"तिकडं तं पऱ्हाटी हाय सारी," बंडूजी म्हणाले. कापसाची वाळलेली, कमरेएवढी झाडं, काठीसारखी कडक. त्यात चाक अडकलं तर गाडी तोंडावर पडणार. "एखांदं चन्याचं वावर सापडलं पाह्यजे."

ठिपका झाडांमागे गेला. तिनं कान दिले. काहीच ऐकू आलं नाही. ती बंडूजींच्या पाठीवर डोकं टेकून "चला, चला" म्हणत राहिली. आपण हे मोठ्यानं म्हणतोय हे तिला कळत नव्हतं.

वावर सापडलं ते माणसं धावताना दिसली म्हणून. हरभरा काढून मोकळं झालेलं शेत होतं, पण लहान. शेवटी उंच धुरा, म्हणजे बांध, होता आणि त्या धुऱ्यावर केशरी पंख तंबू पडावा तसा पडला होता. पौर्णिमा चालत्या गाडीवरून उतरली, पडली, उठली आणि ढेकळांतून धावली.

विवेक जिवंत होता. त्याची हनुवटी फाटली होती आणि रक्त शर्टावर उतरलं होतं, पण तो गुडघ्यावर बसून बापूरावांचं डोकं मांडीवर धरून ओरडत होता. "एकशेआठला फोन करा! बाबांना अटॅक आलाय! छातीत कळ आली त्यांना वर!"

पौर्णिमा खाली बसली. बापूरावांचे डोळे उघडे होते. चेहरा राखेसारखा. उजवा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळला होता.

"बाबा."

"अटॅक नाई," बापूराव पुटपुटले. "पाय हाय. छातीले काई नाई झालं."

"तुम्हीच म्हणाले ना," विवेक म्हणाला. "वर म्हणाले, कळ येऊन राह्यली, वळवू नोका, हालवू नोका, समोरच उतरवा."

बापूरावांनी मूठ उघडली. मुठीत फोन होता. विवेकनं तो घेतला, मेसेज वाचला आणि पौर्णिमाकडे पाहिलं. मग पुन्हा मेसेजकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलं?" तो बापूरावांना म्हणाला. "मी चालवत होतो. मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमी वर पाह्यलं असतं, विवेकराव," बापूराव म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता. "त्या ब्रॅकेटकडं. अन् खाली पाहाचं होतं." मग ते कण्हले.

अँब्युलन्स यायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात पौर्णिमा एकदाच उठून पंखाखाली गेली. धुऱ्यावर आपटताना ब्रॅकेटची एक बाजू कोपऱ्यावर तुटली होती. तुटलेल्या जागी धातूचे दोन रंग होते. काठाची चिंचोळी पट्टी चकचकीत होती, ती आत्ता तुटलेली. बाकीचा बहुतेक भाग काळपट, जुना. उरलेल्या त्या चिंचोळ्या धातूवर तिचा बाप आणि तिचा नवरा एवढ्या उंचीवर टांगलेले होते. ती तिथेच ओकली.

आर्वीतून बापूरावांना वर्ध्याला हलवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि खुब्यालाही मार होता. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी ठरलं, कारण साखर वाढली होती. विवेकच्या हनुवटीला सात टाके पडले. तो दवाखान्यात येत होता, औषधं आणत होता, रात्रपाळीला बंडूजींना बसवून पौर्णिमाला घरी पाठवत होता. तिच्याशी मात्र तो कामापुरतंच बोलत होता. मोडलेलं ट्राइक टेम्पोत घालून त्यानं शेडमध्ये आणून टाकलं आणि शेडला कुलूप लावलं.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात दोघंच असताना पौर्णिमानं वडिलांचा हात धरला.

"बाबा, मी खोटं बोलली होती. ब्रॅकेट पाह्यलं नव्हतं मी. तुम्ही उडाल्यावर पाह्यलं."

बापूराव छताकडे पाहत होते. "मले मालूम होतं."

"काय?"

"घासलेटची बाटली भरेलच्या भरेल होती. म्या आनली तशीच. मी पाह्यली ना शेडात."

"मग बसले काऊन? बाबा, काऊन बसले तुम्ही?"

"आता काय सांगू बाई," बापूराव म्हणाले. "तूनं बनवलं होतं. तुयाच पोटात एवढी विद्या हाय, मी फिटर मानूस. म्हटलं, हिले जास्त समजते." मग ते म्हणाले, "चूक मायीबी हाय. मले धीर नाई धरवला. डेपो पाहाचा होता."

"दिसला का?" तिनं रडत रडत विचारलं.

"नाई ना. मंगल कार्यालयाचं टिनाचं छत दिसलं. अन् मंग फोन."

त्यांना आत नेलं. साडेतीन तास लागले. ते वाचले, पण उजवा पाय डाव्यापेक्षा इंचभर आखूड राहिला, आणि वॉकरशिवाय त्यांना पुन्हा कधी चालता आलं नाही.

नियमानुसार अपघाताचा अहवाल परवानगी देणाऱ्या कार्यालयाला पाठवायचा होता. मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पौर्णिमा जेवायच्या टेबलावर तो लिहायला बसली. विवेक येऊन समोर उभा राहिला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच नीट बोलला.

"वाकवणाऱ्याचं नाव टाक. पट्टी वाकवायच्या आधी तापवायला पाहिजे होती, त्यानं तापवली नाही. तसं लिहिलं तर आराखडा वाचतो. नवीन ब्रॅकेट लावून पुन्हा अर्ज करता येतो."

"नकाशावर तापवा असं लिहिलंच नव्हतं मी."

"त्याला कोण विचारतं?"

"आठची गोलाई मी काढली, विवेक. खांब खोक्यात बसावा म्हणून काढली. त्यानं मी सांगितलं तेच केलं."

"मग संपलं सगळं," तो म्हणाला. "सहा वर्षं. हे लिहिलंस तर पुन्हा आपल्या हाताचं काही कुणी उडू देणार नाही."

"हो."

बाहेरच्या खोलीतून वॉकरचा टक टक आवाज आला, बापूराव न्हाणीकडे निघाले होते. दार जवळ असूनही त्यांना पोहोचायला फार वेळ लागत होता. विवेक ऐकत राहिला. आवाज थांबला तेव्हा तो खुर्ची ओढून बसला.

पौर्णिमानं लिहिलं: दोष आराखड्यात होता. आराखडा माझा आहे. तपासणी झाल्याचं मी तोंडी सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. खाली तिनं सही केली. कागद विवेककडे सरकवला. चालकाच्या सहीची जागा रिकामी होती. त्यानं सगळं पहिल्यापासून वाचलं, एका ठिकाणी उडाल्याची वेळ चुकली होती ती दुरुस्त केली आणि सही केली.

"पोस्टात मी टाकतो," तो म्हणाला. "तुझं दहाचं लेक्चर आहे."